डाळिंब्या सोलणारी बोटे : चार वर्षांच्या एका मुलाचे प्रकरण

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात सातारा शहरातील एक आई आपल्या चार वर्षे तीन महिन्यांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या हातात शाळेची डायरी होती आणि तिच्यात, मुलाला पेन्सिल नीट धरता येत नाही, घरी रोज एक पान सराव करून घ्यावा, असा शेरा होता. आईने तो शेरा मनावर घेतला होता. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी मुलाला टेबलाशी बसवून उभ्या रेघा, आडव्या रेघा आणि पहिली पाच अक्षरे गिरवून घेतली जात होती. पान पूर्ण व्हायला पाऊण तास लागत होता, त्यातला निम्मा वेळ रडण्यात जात होता आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मुलगा दप्तर पाहिले तरी आतल्या खोलीत पळू लागला होता.

मी व्यवसायोपचाराचे, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीचे काम करते आणि अशी डायरी घेऊन येणारे पालक दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर भेटतात. हे प्रकरण लिहून काढण्याचे कारण असे की, यात जे काही घडले ते जवळजवळ सगळे घरात, घरातल्याच वस्तूंनी आणि मुख्यतः आजींच्या हाताखाली घडले. कुटुंबाची परवानगी घेऊनच मी लिहीत आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घर आणि दिनक्रम

घरात आई, वडील, आजी, हा मुलगा आणि त्याची आठ महिन्यांची बहीण अशी पाच माणसे. आई-वडील दोघेही नोकरी करणारे, त्यामुळे दिवसभर दोन्ही मुले आजींकडे. पहिल्या भेटीत मी पेन्सिलीबद्दल जवळजवळ काहीच विचारले नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत मुलाचे हात काय काय करतात, एवढेच आईकडून क्रमाने ऐकून घेतले. ते ऐकताना एक गोष्ट हळूहळू उघड होत गेली आणि ती आईच्याही लक्षात सांगता सांगताच आली.

सकाळी साडेसातला शाळेची रिक्षा येते, म्हणून दात घासून देणे, अंघोळ, कपडे, बूट हे सगळे मोठी माणसे उरकतात. बूट वेल्क्रोचे, चड्डी इलॅस्टिकची, घरातले सदरे बिनबटणाचे. गणवेशाच्या शर्टाला बटणे आहेत, पण ती वडील लावतात. डब्यात पोळीचे बारीक तुकडे करून दिलेले असतात आणि सोबत चमचा असतो. दुपारचे आणि रात्रीचे जेवण आजी भरवतात, कारण स्वतः जेवायला बसवले तर तासभर लागतो आणि अन्न गार होते. भरवताना समोर मोबाइल असतो. बिस्किटाचा पुडा फोडून मिळतो, केळे सोलून मिळते, बाटलीचे झाकण उघडून मिळते. खेळणी भरपूर आहेत, पण बहुतेक बटण दाबले की चालणारी. माती-पाण्यात खेळायला जागा नाही, कारण घर दुसऱ्या मजल्यावर आहे.

यात दुर्लक्ष कुठेही नव्हते. उलट प्रत्येक गोष्ट मायेने आणि वेळेच्या ओढीने केलेली होती. आजींच्या गुडघ्यांना त्रास आहे, धाकटी नुकती रांगू लागली आहे, अशा वेळी मोठ्याला पटकन भरवून मोकळे होणे कोणालाही समजण्यासारखे आहे. मात्र या सगळ्याची बेरीज अशी झाली होती की, दिवसभरात त्या मुलाच्या बोटांना करण्यासारखे काम उरलेलेच नव्हते आणि संध्याकाळी त्याच बोटांकडून पाऊण तास पेन्सिल चालवण्याची अपेक्षा होती.

पहिले निरीक्षण

खेळातून काही ठरवण्याआधी काही शक्यता दूर करणे आवश्यक असते. मूल पूर्ण दिवसांचे होते, जन्माच्या वेळी अडचण नव्हती, तेराव्या महिन्यात ते चालू लागले आणि बोलणे वयाला साजेसे होते. आधी येत असलेली एखादी गोष्ट नंतर येईनाशी झाली, असे कधी घडले नव्हते. बालरोगतज्ज्ञांनी तपासून स्नायूंचा ताण, दोन्ही बाजूंची ताकद आणि दृष्टी यांत दोष नसल्याचे सांगितले. त्यानंतरच मी पुढे गेले.

खुर्चीवर बसवल्यावर मुलगा दोन मिनिटांत टेबलावर रेलला आणि डोके डाव्या हातावर टेकवून बसला. पेन्सिल तो कधी मुठीत धरी, तर कधी सगळी बोटे वरून टेकवून, तळहात खाली करून धरी. रेघ ओढताना बोटे आणि मनगट स्थिर राहत आणि संपूर्ण दंड खांद्यापासून फिरे. रेघा आधी इतक्या फिकट की जेमतेम दिसाव्यात. जोर लावायला सांगितले की कागद फाटे. डावा हात कागद धरत नव्हता, तो मांडीवर पडून होता. वर्तुळ पाहून काढता येत होते, पण तोंड जुळत नव्हते. अधिकचे चिन्ह काढताना दोन रेघा एकमेकींना छेदण्याऐवजी शेजारी शेजारी पडत. साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वर्तुळ, चौथ्याच्या सुमारास अधिकचे चिन्ह आणि पाचव्याच्या सुमारास त्रिकोण पाहून काढता येतो, हे लक्षात घेतले तर हा मुलगा थोडा मागे होता, पण फार मागे नव्हता. कात्री त्याने दोन्ही हातांनी धरली. मोठे बटण काजातून काढता आले, घालता आले नाही. एक इंच बाजूच्या ठोकळ्यांचा मनोरा आठ ठोकळ्यांपर्यंत उभा राहिला.

सर्वांत बोलकी गोष्ट चाचणीच्या बाहेर घडली. टेबलावर पडलेला एक मणी उचलताना त्याने अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवण्याऐवजी मणी तर्जनीच्या कडेला अंगठ्याने दाबून, किल्ली धरावी तसा उचलला. टोकाला टोक लावून उचलण्याची चिमटी मुलांना पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास येऊ लागते. याला ती येत नव्हती असे नाही. दोन-तीनदा सांगितल्यावर त्याने तसा मणी उचललाही. पण ती त्याची सवयीची पकड नव्हती, कारण तिची त्याला गरज क्वचितच पडत असावी.

पेन्सिल बाजूला का ठेवली

मुलाच्या हाताची घडण समजून घेतली की हा निर्णय सोपा होतो. मनगटात आठ लहान हाडे असतात आणि जन्माच्या वेळी ती आठही कूर्चेच्या रूपात असल्यामुळे क्ष-किरण चित्रात त्यांतले एकही दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडे दिसू लागतात, बाकीची पुढच्या वर्षांत एकेक करून दिसतात आणि वाटाण्याएवढे शेवटचे हाड आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी दिसू लागते. याचा अर्थ लहानपणी पेन्सिल धरल्याने हाताला इजा होते, असा मुळीच नाही. पण चार वर्षांच्या मुलाचा हात हा मोठ्या माणसाच्या हाताची छोटी प्रतिकृती नसून अजून घडत असलेला हात आहे, एवढे तरी त्यातून ध्यानात यावे.

दुसरी बाब क्रमाची आहे. हालचालींवरचा ताबा धडाकडून बोटांकडे जातो. पाठ आणि पोट यांनी बसण्याचा भार पेलला तर खांदा स्थिर राहतो, खांदा स्थिर राहिला तर मनगट मोकळे होते आणि मनगट किंचित मागे वळलेल्या स्थितीत टिकले तरच बोटांच्या टोकांना बारीक काम करता येते. शिवाय हाताची स्वतःची विभागणी आहे: अंगठा, तर्जनी आणि मधले बोट हलतात, तर करंगळी आणि अनामिका मुडपून राहतात व बाकीच्यांना आधार देतात. ही विभागणी ज्याच्या हातात अजून झालेली नाही, तो मुलगा पेन्सिल मुठीत धरतो, आणि त्याच्या दृष्टीने ते अगदी योग्यच असते, कारण ती एकच पकड त्याला पेलवत असते. अशा वेळी पेन्सिलीचा सराव वाढवला तर मुठीचाच सराव वाढतो. आईने बाजारातून पेन्सिलीवर चढवायची रबरी पकड आणली होती. तीसुद्धा त्याने मुठीतच धरली होती.

शाळेशी बोलणे आवश्यक होते आणि मला त्याची थोडी धास्ती होती. मी वर्गशिक्षिकांना पत्र लिहून सहा आठवडे गिरवण्याचा घरचा अभ्यास थांबवण्याची विनंती केली आणि त्या काळात घरी काय केले जाईल, ते स्पष्ट लिहिले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला अभ्यासक्रम आराखडा खेळातून शिकण्यावर भर देतो, याचाही उल्लेख केला. वर्गात चाळीस मुले असलेल्या शिक्षिकेला आराखड्याचा दाखला देणे सोपे असते आणि तो अमलात आणणे कठीण, याची जाणीव मला आहे. त्यांनी विनंती मान्य केली, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आरंभीच्या चुका

पहिले तीन आठवडे फारसे चांगले गेले नाहीत, आणि त्याची जबाबदारी बरीचशी माझी आहे. मी कुटुंबाला रोजच्या वीस मिनिटांच्या खेळांचा तक्ता करून दिला होता: सोमवारी मणी ओवणे, मंगळवारी कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे, बुधवारी कागद फाडून चिकटवणे, असा. वडील शिस्तप्रिय होते. त्यांनी तो तक्ता फ्रिजवर लावला, पूर्ण केलेल्या खेळासमोर चांदणी काढायची पद्धत ठेवली आणि चिमटे लावताना मोबाइलवर वेळ मोजली. आठ दिवसांत मुलाने चिमट्यांना हात लावणे बंद केले. त्याच्या लेखी रेघांचे पान जाऊन चिमट्यांचे पान आले होते, इतकेच. त्यातच चिमटे लाकडी आणि ताठ स्प्रिंगचे होते; ते माझ्याही बोटांना जड वाटत होते, हे मी आधी तपासायला हवे होते.

नाडी ओवायचे छिद्रांचे खेळणे ऑनलाइन मागवले होते, ते दोनदा पूर्ण झाल्यावर पडून राहिले. वडिलांनी मग माँटेसरी साहित्याचा संच घ्यावा का, असे विचारले. त्या साहित्याविषयी मला आदर आहे. गुंडी असलेले लाकडी दंडगोल तीन बोटांनी उचलायला लावून मारिया माँटेसरींनी पेन्सिलीची तयारी पेन्सिलीविना साधली, ही कल्पना आजही तितकीच पक्की आहे. पण त्याच विचारातून पुढे गेलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवताना आदिवासी वस्त्यांतल्या मुलांपुढे बिया, शंख-शिंपले, पाने आणि माती मांडली. परवडत नव्हते हे एक कारण झाले, पण ती वस्तू मुलाच्या ओळखीची असते आणि घरी गेल्यावरही ती हाताशी असते, हे त्याहून मोठे कारण होते. मी वडिलांना संच घेऊ नका, असे सांगितले आणि तक्ता फ्रिजवरून काढून टाकायला सांगितले.

त्याच सुमारास आषाढातला बेंदूर आला आणि आजींनी बाजारातून मातीच्या बैलजोडीबरोबर कुंभाराकडून मातीचा गोळाही आणला. गॅलरीत वर्तमानपत्रे पसरून आजी आणि नातू दीड तास माती मळत बसले. मुलाने केलेला बैल बैलासारखा दिसत नव्हता, पण त्याने शिंगे मात्र चिमटीने ओढून काढली होती, कोणी न सांगता. आजींनी हे मला फोनवर सांगितले तेव्हा पुढचा रस्ता माझ्या लक्षात आला: खेळ ठरवायचे काम आजींकडे द्यायचे आणि ते आजींच्या स्वतःच्या कामांतून निघू द्यायचे.

डाळिंब्या

आजींचे माहेर अलिबागकडचे. त्यामुळे घरात वाल आवडीने खाल्ले जातात आणि श्रावणात तर डाळिंब्यांची उसळ दर आठवड्याला होते. वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा अंगठा व तर्जनी यांच्यात धरून दाबायचा, म्हणजे साल बोटांत राहते आणि आतली डाळिंबी सटकन बाहेर येते. आजी हे काम पाटावर बसून, परात पुढ्यात घेऊन करत. आता परातीच्या दुसऱ्या बाजूला नातू बसू लागला.

व्यवसायोपचाराच्या दृष्टीने पाहिले तर या एका कामात मी कागदावर आखलेल्या अर्ध्याहून अधिक गोष्टी होत्या. दाणा ओला आणि निसरडा असल्यामुळे तो बोटांच्या कडेने, किल्लीसारखा धरता येत नाही, निसटतो; टोकाला टोक लावूनच धरावा लागतो. जोर कमी पडला तर काही होत नाही, जास्त झाला तर डाळिंबी दुभंगते किंवा परातीबाहेर उडते, म्हणजे किती बळ लावायचे याचे उत्तर दर वेळी दाणाच देतो, आईला किंवा थेरपिस्टला काही बोलावे लागत नाही. ज्या मुलाची रेघ एक तर दिसत नव्हती किंवा कागद फाडत होती, त्याला नेमके हेच शिकायचे होते. मांडी घालून बसल्यामुळे पाठ आपोआप कामाला लागते. डाव्या हाताने ओंजळभर वाल घ्यायचे आणि उजव्याने एकेक सोलायचा, म्हणजे दोन हातांना दोन वेगळी कामे मिळतात. आणि शेवटी उसळ होते, ती सगळे खातात आणि ती कोणी सोलली हे सगळ्यांना माहीत असते. चांदण्यांनी जे साधले नव्हते ते इथे साधले.

पहिल्या दिवशी त्याने अकरा वाल सोलले आणि त्यांतले सात दुभंगले. आजींनी एकही परत घेतला नाही. दुभंगलेलेही पातेल्यातच गेले. हे मी मुद्दाम नोंदवत आहे, कारण ‘राहू दे, मी करते’ हे वाक्य आजींच्या तोंडी सतत असे आणि ते आवरणे त्यांना फार जड गेले. त्यांनीच मला नंतर सांगितले की, पहिले दोन-तीन दिवस त्या स्वतःचे हात पदराखाली घेऊन बसत. ऑगस्टच्या अखेरीस मुलगा वाटीभर वाल सोलूनच उठत असे आणि डाळिंब्या बहुतेक सबंध निघत. मी प्रत्यक्ष पाहायला गेले त्या दिवशी त्याने मूठभर वाल उजव्या हातातच घेतले होते आणि करंगळी-अनामिकेच्या कह्यात ते ठेवून, एकेक दाणा पुढे सरकवत अंगठा-तर्जनीने सोलत होता. हाताच्या दोन भागांची जी विभागणी मी वर सांगितली ती मला तिथे पहिल्यांदा त्याच्या हातात दिसली. हे कोणीही त्याला शिकवले नव्हते. परातीपर्यंत हात वारंवार न्यायचा कंटाळा येऊन त्याने स्वतःच ही युक्ती काढली होती.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. घरात आठ-नऊ महिन्यांची बहीण होती आणि त्या वयात हाती येईल ते तोंडात जाते. वाल, मणी, चिंचोके, शेंगदाणे, बटणे यांपैकी कोणतीही वस्तू श्वासनलिकेत अडकू शकते. म्हणून हे काम धाकटी झोपलेली असतानाच होई, दाणे मोजून घेतले जात आणि उठताना फरशीवरून ओला हात फिरवून एकही दाणा मागे राहिला नाही, याची खात्री केली जाई. कच्चा वाल तोंडात टाकायचा नाही, हा नियम मोठ्यालाही होता. घड्याळात आणि खेळण्यांत असणाऱ्या गोल चपट्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबके तर कोणत्याही लहान मुलाच्या हाती खेळ म्हणून देऊच नयेत. गिळल्यास त्या आतड्याला किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा करतात.

भोवतीची इतर कामे

डाळिंब्या हे केंद्र झाले, पण तेवढ्याने भागले नसते. कोथिंबीर आणि मेथी निवडणे, कणकेच्या गोळ्या वळणे, भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडणे ही कामे हळूहळू आली. शेंगांचा क्रम आजींनी स्वतःच लावला: आधी उकडलेल्या आणि टोकाशी चीर पाडून दिलेल्या, मग भाजून कुरकुरीत झालेल्या, शेवटी कच्च्या वाळलेल्या. सोललेले दाणे मुलाच्या तोंडात न जाता कुटासाठी बाजूला पडत. तुळशीला पाणी घालायला फवाऱ्याची बाटली दिली; तिचा खटका ओढायला तर्जनी एकटी वापरावी लागते. गॅलरीच्या भिंतीवर नुसत्या पाण्यात बुडवलेल्या रंगाच्या ब्रशने चित्रे काढणे हा माझा आग्रह होता, कारण उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट आपोआप मागे वळते आणि खांद्याला जोर मिळतो. पाण्याची चित्रे वाळून जातात, त्यामुळे चुकले-बरोबर असे काही उरत नाही. रंगपाटीसाठी सबंध खडूऐवजी बोटाच्या एका पेराएवढे तुकडे ठेवले, कारण तेवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही.

जेवणाचा प्रश्न मात्र चिवट निघाला. स्वतःच्या हाताने वरण-भात कालवून खाणे हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे आणि पोळीचा तुकडा मोडण्यासाठी दोन्ही हात लागतात, हे सगळ्यांना पटले होते. तरी मोबाइल बंद केल्यावर पहिले दहा दिवस मुलगा अर्धपोटी उठे आणि आजींना ते बघवत नसे. आम्ही तडजोड केली: दुपारचे जेवण स्वतःच्या हाताने, रात्रीचे पहिले पाच घास स्वतःचे आणि पुढचे आजींचे. सप्टेंबरमध्ये गणपतीच्या दिवसांत घरी पाहुणे आले, सगळी भावंडे एका पंगतीत बसली आणि भरवून घेणे त्याने आपणहून सोडले. गणपतीआधी मिळालेल्या शाडूच्या मातीने आणि मोदकांच्या उकडीनेही काही काम केले असेल, पण कळ्या पाडणे चार वर्षांच्या हाताच्या आवाक्यातले नाही; त्याने उकडीचे साप केले.

सकाळच्या कपड्यांसाठी घराने उठण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणली. मला विचाराल तर या संपूर्ण काळात कुटुंबाने केलेला हा सर्वांत मोठा त्याग होता. बटणे खालून वर लावायला शिकवली, कारण खालचे बटण दिसते आणि गळ्याजवळचे दिसत नाही.

नोव्हेंबरमधली स्थिती

दिवाळीनंतर, म्हणजे साडेचार महिन्यांनी, मी पुन्हा त्याच गोष्टी पाहिल्या. मुलगा आता चार वर्षे सात महिन्यांचा होता. पेन्सिल तो बहुतेक वेळा अंगठा आणि तीन बोटे यांत धरत होता. पुष्कळ पालकांना अंगठा आणि दोन बोटे यांचीच पकड तेवढी बरोबर वाटते. परंतु चार बोटांची पकडही पूर्णपणे उपयोगाची असते आणि ती बदलण्याची मला गरज वाटली नाही. रेघ ओढताना बोटे हलू लागली होती, मात्र लहान आकार काढतानाच. मोठ्या रेघेला अजूनही दंड फिरे. डावा हात कागदावर होता. अधिकचे चिन्ह नीट छेदत होते, चौकोनाचे कोपरे गोल येत होते, त्रिकोण जमला नाही आणि या वयात तो जमावा अशी अपेक्षाही नव्हती. कात्री एका हातात, अंगठा वर ठेवून चालत होती आणि वीतभर सरळ रेघेवर तो फारसा न भरकटता कापू शकला. शर्टाच्या पाच बटणांपैकी चार त्याने साधारण तीन मिनिटांत लावली. शाळेने गिरवणे अर्ध्या पानापासून पुन्हा सुरू केले होते आणि ते दहा-बारा मिनिटांत, न रडता होत होते.

हा बदल खेळामुळेच झाला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. साडेचार महिन्यांत चार वर्षांचे मूल काही न करताही वाढते, आणि रडण्याचा प्रसंग टळला एवढ्यानेही पेन्सिलीशी त्याचे नाते सुधारले असेल. तुलनेसाठी दुसरे मूल नव्हते. मात्र मण्याची ती किल्लीसारखी पकड नाहीशी झाली आणि जोराचे प्रमाण जुळले, या दोन गोष्टी वालाच्या परातीशी इतक्या नेमकेपणाने निगडित आहेत की, त्यांचे श्रेय परातीला द्यायला मी तयार आहे.

असे प्रत्येक मुलाच्या बाबतीत होईल, असेही नाही. अंगठा आत मुडपून मूठ चार महिन्यांनंतरही सतत आवळलेली राहत असेल, वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल, सव्वा वर्षानंतरही लहान वस्तू चिमटीत येत नसेल, एक बाजू दुबळी वाटत असेल, हात थरथरत असतील किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी झाली असेल, तर घरच्या खेळांवर विसंबून थांबू नये. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली आहेत. बहुतेक लोक त्यांना डीईआयसी म्हणतात. आणि मूल डावखुरे असेल तर जेवणाच्या किंवा पूजेच्या निमित्तानेही त्याचा हात बदलू नये.

पुढची तपासणी फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरली होती. बुटाच्या नाड्या, गळ्याजवळचे बटण आणि मोठी रेघ ओढताना फिरणारा दंड या तीन गोष्टी तेव्हा पाहायच्या होत्या. नोव्हेंबरच्या त्या भेटीत मी निघाले तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. धाकटी आता वर्षाची झाली होती. आजींनी तिच्यापुढे ताटलीत मऊ भाताची चार-पाच शिते ठेवली होती आणि ती एकेक शीत अंगठा व तर्जनीने उचलू पाहत होती. बहुतेक शिते मांडीवर पडत होती. मोठ्याने तिला भरवायला हात पुढे केला, तेव्हा आजींनी त्याचा हात हळूच धरून बाजूला ठेवला.